मर्यादा १,५५,००० डॉलरची, मग चेक ६,२०,००० चा कसा?

नमस्कार मंडळी! आज ‘मंडळी’ हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्या, कारण विषय चर्चच्या मंडळीचा आहे. अमेरिकेतून बघणारे बरेच जण एकच विचारतायत: आमच्या चर्चनं फार्म बिलावर काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, आपल्या प्रतिनिधीला पत्रं लिहायचं ठरवलंय, तर शेती अनुदानाबद्दल नेमकं मागायचं काय?

आधीचं भराभर उरकतो. फार्म बिल म्हणजे शेती आणि अन्न दोन्हींचा मिळून एक कायदा. तो साधारण दर पाच वर्षांनी नव्यानं होतो. शेवटचा पूर्ण कायदा २०१८ चा, त्याला पुढे मुदतवाढी मिळाल्या. जुलै २०२५ च्या मोठ्या कर-खर्च कायद्यानं त्यातले अनुदानाचे आकडे वाढवले. २०१८ च्या कायद्यातला सुमारे तीन चतुर्थांश पैसा स्नॅपचा, म्हणजे गरीब घरांच्या किराण्याच्या मदतीचा. ही बाजू चर्चच्या लोकांना तोंडपाठ असते. ब्रेड फॉर द वर्ल्ड ही १९७४ पासूनची ख्रिस्ती संस्था ‘पत्रांचं अर्पण’ करते: लोक पत्रं लिहितात, ती उपासनेत अर्पण म्हणून पुढे ठेवतात, पाळक प्रार्थना करतात, मग पत्रं रवाना. ज्यू समाजाची माझोन ही संस्था १९८५ ची, कॅथलिक रूरल लाइफ तर १९२३ ची. म्हणजे हे काही नवं खूळ नाही.

घोळ होतो पुढे. पत्रात हमखास एक वाक्य असतं: ‘बड्या शेतकऱ्यांच्या अनुदानावर मर्यादा घाला.’ अहो, मर्यादा आहे! २०१८ च्या कायद्यात माणशी वर्षाला १,२५,००० डॉलर होती, २०२५ च्या कायद्यानं ती १,५५,००० केली. प्रतिनिधीच्या कार्यालयातला सहायक हे वाक्य वाचतो, ‘ती तर आहेच’ म्हणतो आणि पत्र बाजूला ठेवतो. भोक आकड्यात नाही. माणसं कशी मोजतात, तिथं आहे.

हिशोब करून बघू. बाजारभाव संदर्भ किमतीच्या खाली गेला, की फरक सरकार देतं. मक्याची २०२५ च्या कायद्यातली संदर्भ किंमत बुशेलला (धान्याचं अमेरिकी माप) ४.१० डॉलर; हिशोब सोपा राहावा म्हणून तीच धरू. समजा बाजारभावाची वर्षाची सरासरी ३.९० आली. फरक २० सेंट. शेताचं नोंदलेलं उत्पन्न एकरी १५० बुशेल धरा. पैसे मिळतात नोंदीतल्या ८५ टक्के एकरांवर. ०.२० गुणिले १५० गुणिले ०.८५, म्हणजे एकरी साडेपंचवीस डॉलर. १,५५,००० ला साडेपंचवीसनं भागा: सुमारे ६,०७८ एकर. तिथं एका माणसाची मर्यादा संपली. आता त्याच शेतीच्या भागीदारीत चार सभासद दाखवा. चौघांची मिळून मर्यादा ६,२०,००० डॉलर, आणि एकर चोवीस हजारांच्या वर. आणि हे एकर म्हणजे ‘बेस एकर’ बरं का, जुन्या पेरणीच्या नोंदीवरचे. यंदा त्यात मका पेरलाय की नाही, याच्याशी या पैशाचा संबंध नाही.

आता तेच कायद्याच्या बाजूनं. सभासद ‘शेतीत सक्रिय’ असावा लागतो. प्रत्यक्ष कष्ट हवेतच असं नाही, व्यवस्थापन केलं तरी चालतं. २०१६ च्या नियमानं बिगर-कौटुंबिक भागीदारीत असे व्यवस्थापक एक, फार तर तीन, असे बांधले. एकाहून जास्त व्यवस्थापक दाखवायचे तर त्यांना वर्षाला ५०० तास किंवा एकूण व्यवस्थापनाचा २५ टक्के वाटा दाखवावा लागतो. पण कौटुंबिक भागीदारीला ही संख्या लागूच नाही! आणि २०१८ मध्ये ‘कुटुंबा’त चुलत-मावस भावंडं, भाचे, पुतणे सगळे आले. एक प्रश्न आला होता, ‘नवरा-बायकोच्या दोन मर्यादा?’ हो, एक सक्रिय ठरला की दुसरा आपोआप ठरतो. २०२५ मध्ये काही एलएलसींनाही (मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या) भागीदारीसारखंच, सभासदागणिक मोजायला सुरुवात झाली. दार आणखी रुंद झालं.

म्हणून पत्रातलं वाक्य बदला. चूक: ‘मर्यादा कमी करा.’ बरोबर: ‘एका शेतीत फक्त व्यवस्थापनाच्या नावावर एकाच व्यक्तीला अनुदान पात्रता द्यावी, आणि हा नियम कौटुंबिक भागीदारीलाही लावावा.’ मर्यादा ८०,००० वर आणली आणि भागीदार दुप्पट झाले, तर पैसा जवळपास तेवढाच जातो. पुन्हा सांगतोय, कंटाळलात तरी: माणसांची मोजणी, माणसांची मोजणी!

‘चर्चनं राजकारणात कशाला पडावं?’ हाही प्रश्न नेहमीचा. लेवीय १९ मध्ये शेताच्या कडा कापू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी राखा, असं सांगितलंय. तो शेतीचाच नियम आहे. आणि बाहेरचा गरीबही यात येतो: २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत मुद्दा मांडला की श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानानं आमचा भाव पडतो. करकायद्याचं म्हणाल, तर चर्चला विधेयकावर बोलता येतं, फक्त ते एकूण कामाचा मोठा भाग होऊ नये. उमेदवाराचं नाव मात्र पत्रात नको.

आता टेबलावरचं. पत्र एका पानाचं, मागणी एकच. नमुना जसाच्या तसा उतरवू नका, निदान दोन वाक्यं स्वतःची हवीत. एकसारख्या पत्रांचा गठ्ठा फक्त मोजला जातो. प्रत्येकानं स्वतःचा पूर्ण पत्ता झिप कोडसह लिहावा, नाहीतर ‘आमचा मतदार नाही’ म्हणून पत्र गळतं. लिफाफ्यावर वॉशिंग्टनचा पत्ता टाळा: २००१ च्या अँथ्रॅक्स प्रकरणापासून कॅपिटॉलची, म्हणजे संसद भवनाची, टपाल तपासणी बाहेर होते आणि पत्रं रखडतात. मतदारसंघातल्या कार्यालयात द्या, शक्य तर हातानं. तुमचा प्रतिनिधी शेती समितीवर असेल तर पहिल्याच ओळीत तसं लिहा.

उत्तर येईल, ‘मी आपल्या शेतकऱ्यांच्या पाठीशी आहे.’ त्यावर थांबू नका. फोन लावा, शेतीचं काम बघणारा सहायक मागा आणि एवढंच विचारा: कौटुंबिक भागीदारीत किती व्यवस्थापकांना पैसे मिळावेत, यावर साहेबांचं मत काय? उत्तर आकड्यात आलं तर तारीख टाकून लिहून ठेवा. नाही आलं, तर दोन आठवड्यांनी पुन्हा फोन.