बधिर घशाचा एक तास

(दृश्य : मालवणचा दांडी किनारा. रापण ओढणारी माणसं. जाळ्यात चकाकणारे पेडवे.)

पेडव्यांचं तिखलं ताटात आलं की गप्पा थांबतात. कारण चव नव्हे, काटे. केसासारखा बारीक काटा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुतला, की आजीचा सल्ला ठरलेला : "सुक्या भाताचो गोळो गीळ, जातलो खाली." कधी जातोही. कधी त्याच गोळ्याने आणखी खोल रुतून बसतो.

हल्ली दुसराही सल्ला मिळतो. मेडिकलमधून घसा बधिर करणारा स्प्रे आणा.

(दृश्य : बाटलीचं लेबल, अगदी जवळून.)

लिग्नोकेन, 10 टक्के. मोजून फवारणाऱ्या बाटलीच्या एका दाबात साधारण 10 मिलिग्रॅम औषध बाहेर पडतं आणि मज्जातंतूंतून जाणारा वेदनेचा निरोप अडवतं. मिनिट-दोन मिनिटांत घसा बधिर. पंधराएक मिनिटांनी दुखणं परत जागं होतं, कारण काटा होता तिथेच असतो.

गंमत म्हणजे काटा काढण्याआधी कान-नाक-घशाचे डॉक्टरही हाच स्प्रे मारतात. पण त्यांच्याकडे उजेड असतो, चिमटा असतो, आणि पेशंट खुर्चीत बसलेला असतो. घरचा पेशंट उठून चहा प्यायला जातो.

खरी भीती त्या चहाचीच. बधिर घशाला घोट कुठे चाललाय ते नीट कळत नाही. तो श्वासनलिकेत उतरू शकतो. तोंड पोळलेलं समजत नाही, गाल चावलेला समजत नाही. म्हणून स्प्रेनंतर तासभर काही खायचं नाही, प्यायचं नाही. पाणीसुद्धा.

(दृश्य : आरशासमोर एक बाई. तोंड उघडं, बोट नोझलवर.)

फवारताना श्वास रोखायचा, दुखतं तिथेच नेम धरायचा. डॉक्टरांनी एक दाब सांगितला, तर एकच. सोललेल्या जागेतून औषध रक्तात भराभर उतरतं. ओला काजू दाताने फोडून चिकाने ओठ भाजून घेतलेली पोरं इथे दर हंगामात दिसतात; त्या ओठांवर स्वतःहून हा स्प्रे मारू नये. यकृताचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना तर नकोच.

(दृश्य : दशावताराचा रंगपट. चेहऱ्यावर रंग चढतोय.)

रात्रभर गाणाऱ्या नटालाही आम्ही तो सुचवणार नाही. दुखणं दाबून आवाज ताणला, तर थांबायचं कुठे हे घसा सांगत नाही.

ताप आहे, लाळही गिळवत नाही, किंवा दोन दिवसांत उतार नाही, तर स्प्रे बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. मशेरी लावणाऱ्या बाईच्या तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर तो बधिर करत बसू नये, तपासून घ्यावा. तिथे गेलेला वेळ महाग पडतो.

काही स्प्रेंमध्ये लिग्नोकेनऐवजी बेन्झोकेन असतं. त्याने क्वचित रक्ताची प्राणवायू पोचवण्याची ताकदच घटते. दोन वर्षांखालच्या मुलांच्या हिरड्यांना ते लावू नये, असं अमेरिकेच्या औषध नियामकाने 2018 मध्ये बजावलं. फवारल्यावर ओठ, नखं निळसर दिसली, धाप लागली, गरगरलं, तर लगेच 108 ला फोन करायचा. जाताना बाटली सोबत घ्यायची. कोणतं औषध पोटात गेलंय, हे डॉक्टर आधी विचारतील.