कळलावीवरचा पतंग

पावसाने जोर धरला की गोव्यात सत्तरीपासून काणकोणपर्यंत, रानाच्या कडेला आणि कुंपणांवर कळलावी चढू लागते. तिच्या पानाचं टोकच तंतूसारखं वळतं आणि शेजारची फांदी घट्ट धरतं. फुलाच्या सहा पाकळ्या मागे उलटलेल्या. बुडाशी पिवळ्या, शेंड्याला लालभडक. चतुर्थीला ही फुलं गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीत बांधतात.

या वेलीला हात लावावा तो जपून. कंदापासून बियांपर्यंत तिच्यात कोल्चिसिन भरलेलं असतं. पेशींचं विभाजन रोखणारं हे द्रव्य मोजक्या मात्रेत गाऊट या सांध्यांच्या दुखण्यावर औषध म्हणून देतात. मात्रा चुकली तर जिवावर बेततं.

आणि तरीही हे पान कुरतडलेलं आहे. जवळून पाहा. काळ्या अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके असलेल्या या अळ्या लपायची जराही खटपट करत नाहीत, भर दिवसा उघड्यावर खात बसतात. असे भडक रंग म्हणजे बहुधा पक्ष्यांना दिलेला इशारा. पोटभर खाऊन त्या मातीत उतरतात, तिथेच कोष करतात. त्यातून निघणाऱ्या पतंगाचे पुढचे पंख म्हणजे जुन्या गोमंतकीय घराची मोझॅइक फरशीच: काळा, लाल, पिवळा तुकडा एकमेकांना भिडलेला.

हा पॉलिटेला ग्लोरिओसे. अठराव्या शतकात फॅब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, आणि नावातच कळलावीचं शास्त्रीय नाव गुंफलं, ग्लोरिओसा. तो नॉक्टुइडी कुळातला, ग्लॉट्टुलिनी या छोट्या उपकुळातला. नॉक्टुइडीतले बहुतेक पतंग मातकट, करडे. हे उपकुळ मात्र रंगीत. यातल्या अळ्यांचा ओढा कळलावी, लिली आणि नागदवण्यासारख्या कंदवाल्या वनस्पतींकडे. या वनस्पतींतही विषारी अल्कलॉइड असतात, म्हणून इतर किडे सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत.

आपल्या अंगणातली स्पायडर लिली मूळची अमेरिकेतली. तिथे तिच्यावर याच उपकुळातल्या झँथोपास्टिस या पतंगाच्या अळ्या पोसतात. ती समुद्र ओलांडून इथे आली, तर इथल्या पॉलिटेलाने तिलाही आपलं मानलं! मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

पानं खाल्ली गेली तरी कंद शाबूत असेल तर लिली पुन्हा फुटते. फवारणीची गरज नाही. फारच झाल्या तर अळ्या वेचून रानातल्या कळलावीवर सोडता येतात. लक्ष ठेवायचं ते याच उपकुळातल्या ब्रिथिस क्रिनीवर. तिची अळी पान आतून पोखरत थेट कंदात शिरते, आणि कंद कुजला की झाड हातचं जातं.