वीतभर पाईप

[छत्रपती संभाजीनगर. जालना रोडच्या मागचं गॅरेज. बॉनेट उघडं, इंजिन चालू.]

"मामा, टर्बो गेला का हो?"

"कशाचा टर्बो! हवा जायलीय कुठून तरी."

मिस्त्री इतकंच बोलतात आणि पुन्हा इंजिनाकडे कान लावतात. आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचं इंजिनाचं फिरणं, डळमळतंय. काटा चढतो, पडतो, परत चढतो. रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की आवाज येतो, पण ओढ येत नाही.

या शहराला टर्बो पेट्रोल गाडी, म्हणजे इंजिनात पात्याने हवा दाबून भरणारी, नवी नाही. शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना 2001 साली सुरू झाला, पुढे तिथेच ऑडीच्या गाड्याही जुळू लागल्या. त्यामुळे इथल्या जुन्या हातांनी टर्बो लवकर पाहिला. समोरची गाडी मात्र दुसऱ्याच घराण्यातली. तिचं नाव राहू द्या. मराठवाड्याच्या मे महिन्यात बॉनेटखालच्या नळ्यांचं रबर सगळ्यांचंच कडक होतं.

[टर्बो ते थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. कॅमेरा पाईपावरून सरकतो.]

शेतात ठिबक चालू असताना कुणी पुढचा वॉल एकदम बंद केला, तर काय होतं? मोटार पाणी ढकलतच असते, पाईप धडधडतो, एखादा जोड निसटतो. टर्बोचंही तसंच. त्याचं पातं मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं. घाटात वळण आलं, तुम्ही पाय उचलला, थ्रॉटल मिटला. दाबलेली हवा पुढे जाऊ शकत नाही, म्हणून उलटी पात्यावर आदळते. तो 'सुत्-सुत्-सुत्' आवाज पोरांना फार आवडतो. पात्याला आणि बेअरिंगला तो मार असतो.

ही हवा सोडून द्यायला ब्लो-ऑफ वॉल्व्ह. आत एक पडदा, वर एक स्प्रिंग. खालून टर्बोच्या पाईपातली हवा पडद्याला ढकलते. आणि डोक्यावर येतो तो हा वीतभर व्हॅक्यूम पाईप, थ्रॉटलच्या पलीकडून, मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतून.

गंमत या पाईपात आहे. गाडी जोरात असते तेव्हा मॅनिफोल्डमध्येही टर्बोचाच दाब असतो. तो पाईपातून पडद्याच्या डोक्यावर बसतो. खालचा दाब आणि वरचा दाब जवळपास सारखा, त्यामुळे जरा नरम स्प्रिंगही वॉल्व्ह मिटून धरते. पाय उचलला, थ्रॉटल मिटला, की मॅनिफोल्डमध्ये क्षणात निर्वात तयार होतो. तोच पडदा वर ओढतो आणि हवेला वाट मिळते.

निर्वात म्हणजे किती? हे शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे बाहेरच्या हवेचा दाब साधारण 0.95 बार. धडधाकट पेट्रोल इंजिन आयडलिंगला असताना मॅनिफोल्डमध्ये 0.3 ते 0.4 बार उरतो.

आता हाच पाईप चिरला, तर? आयडलिंगला इंजिन त्या चिरेतून हवा ओढतं. ही हवा सेन्सरने मोजलेली नसते, म्हणून हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, पेट्रोल कमी पडतं आणि गाडी थरथरते. उलट जोर लावला की चिरेतून दाब बाहेर पळतो. पडद्याच्या डोक्यावरचं ओझं हलकं झालं, आता नुसत्या स्प्रिंगला खालचा दाब पेलवत नाही. वॉल्व्ह नको तेव्हा उघडतो. टर्बो बिचारा फिरतोय, हवा दाबतोय, आणि ती इंजिनात जाण्याआधीच निसटतेय.

[मिस्त्री पाईप उपसून मॅनिफोल्डच्या नळीवर बोट ठेवतात. आयडलिंग स्थिर होतं.]

झालं निदान. दोष वाचणारा स्कॅनर अजून डब्यातच आहे.

पाईप वाकवून दाखवला, तर टोकाला केसाएवढी चीर. पण मिस्त्रींची नजर अडकली ती मधल्या टी-जोडावर. मालकाने हौसेने टर्बोचा दाब दाखवणारा बूस्ट मीटर बसवलाय, त्याची नळी याच पाईपातून काढलीय. वॉल्व्हला थ्रॉटल मिटल्याची खबर लगेच पोचायला हवी. पाईप लांब, बारीक, त्यात फाटे, म्हणजे खबर उशिरा. तेवढ्या उशिरात हवा एकदा पात्यावर आदळून येते. चकचकीत पातळ सिलिकॉन पाईपचीही एक खोड आहे: दाबाला तो टिकतो, निर्वातात चपटा होतो.

"आणि आवाजवाला वॉल्व्ह बसवू का, मामा? फुस्स करणारा?"

या गाडीला एअर फिल्टरजवळ हवा मोजणारा सेन्सर आहे. मोजलेली हवा बाहेर सोडली, तरी कॉम्प्युटर तिच्या हिशोबानेच पेट्रोल टाकतो. गिअर बदलताना क्षणभर मिश्रण जाड, एक गचका. म्हणून कंपनीचा वॉल्व्ह ती हवा टर्बोच्या तोंडाशी परत नेतो. ज्या गाड्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेतात, त्यांना हा त्रास होत नाही. (डिझेलला थ्रॉटल असा मिटतच नाही. तरी डिझेल जीपला फुस्स आवाजाचं किट लावून फिरणारे इथे आहेत. तो नुसता आवाज, बरं का.)

[नवा पाईप. जाड भिंतीचा, आखूड. दोन्ही टोकांना क्लिप.]

मीटरला मॅनिफोल्डवरून वेगळी नळी मिळाली. वॉल्व्हचा पाईप आता एकटा, कुणाशी वाटा नाही.

[कन्नडचा औट्रम घाट. मालक गाडी चालवतोय, मिस्त्री शेजारी.]

चढावर गाडी खेचते. वळणाला पाय उचलतो. बॉनेटखालून एक हलका श्वास सुटतो, खिडकी उघडी असेल तरच ऐकू येईल असा.

"एवढाच आवाज?" मालकाचा चेहरा पडलेला.

"एवढाच. गिअर टाक, मागं ट्रक यायलाय."