बांध एकदाच काढायचा

पडद्यावर हिरवा तुकडा दिसतोय तो जंगलाचा, पिवळा शेताचा. दोन्ही एकमेकांना खेटून आहेत असं वाटतं. जवळ जाऊ या. अजून जवळ. मधे केसाएवढी पांढरी फट आहे. जागेवर जाऊन पाहिलं तर अशी जमीन कुठेच सापडणार नाही. दोघांनी दोन वेगळ्या दिवशी एकच कड आपापल्या हाताने काढली, म्हणून ती नकाशावर उमटली.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनी मिळून काढलेला नकाशा. त्यात मूळ वस्तू तीनच: नोड म्हणजे बिंदू, वे म्हणजे बिंदूंची रेषा, आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारी नोंद म्हणजे रिलेशन. क्षेत्रासाठी वेगळी वस्तूच नाही. रेषा फिरून सुरुवातीच्या बिंदूला मिळाली, की क्षेत्र झालं.

फट बुजवायचा साधा उपाय म्हणजे दोन्ही रेषा त्याच नोडवरून न्यायच्या. नोड सरकवला की दोन्ही कडा सोबत सरकतात. लहान तुकड्यांना एवढं पुरतं.

पण जिल्ह्याची सीमा काही ठिकाणी राज्याचीही सीमा असते. तिथे रेषांवर रेषा रचण्यात अर्थ नाही. सामाईक कड एकदाच काढायची आणि दोन्ही रिलेशनमध्ये तीच सदस्य म्हणून घालायची. तसंही एका वेमध्ये २००० पेक्षा जास्त नोड बसत नाहीत, त्यामुळे लांब सीमा तोडावीच लागते. धोका एकच: कुणी नवख्याने ती रेषा पुसली, की दोन्हीकडची कडी तुटते.

आता रस्ता. इथे मात्र मी ठाम आहे: जंगलाची कड रस्त्याला चिकटवू नये. नकाशावरची रेषा रस्त्याच्या मध्यातून जाते, झाडं मात्र रस्त्याच्या कडेलाच थांबतात. उद्या कुणी नवं उपग्रहचित्र पाहून रस्ता नीट केला, तर जंगलही त्याच्यामागे ओढलं जातं. अशी चिकटलेली कड सोडवण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत.

जोसम या नकाशा संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी कड सोडवतात ती अशी. नोड निवडायचा, सोबत जंगलाची रेषा निवडायची आणि ‘जी’ दाबायचं. दिसायला काहीच बदलत नाही, पण त्या जागी आता दोन नोड आहेत. जंगलाचा नोड धरून झाडांच्या कडेपर्यंत ओढला. रस्ता जागचा हलला नाही. आता पुढचा नोड.