मोसंबीवरचा त्रिकोण

नमस्कार श्रोतेहो. घरात मोसंबी आणि बॉलपेन असेल तर हाताशी घेऊन बसा.

देठापासून मोसंबीच्या पोटापर्यंत सरळ रेघ ओढा. तिथे काटकोनात वळा, पोटावरून पाव फेरी मारा आणि पुन्हा काटकोनात वळून देठाकडे या. त्रिकोण झाला. त्याचे तिन्ही कोन काटकोन, बेरीज 270 अंश! वहीवर ती 180 च्या पुढे कधी जात नाही. मोसंबीवर चालणाऱ्या मुंगीलाही हा फरक कळेल. बाहेर उडून पाहायला नको, कोन मोजले की झालं. विश्वाचा आकारही माणसाने असाच, आत बसून मोजला.

त्यासाठी प्रचंड त्रिकोण हवा होता. तो सापडला सर्वांत जुन्या प्रकाशात. विश्व सुमारे 3,80,000 वर्षांचं असताना हा प्रकाश मोकळा झाला. तेव्हा सगळीकडे 3,000 अंशांचा तापलेला वायू होता. आज तोच प्रकाश सूक्ष्मलहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह, होऊन पोहोचतो. जुन्या टीव्हीवर केंद्र लागलं नाही की मुंग्या दिसायच्या ना? त्यात थोडा वाटा याचाही असे.

प्रकाशाच्या सूक्ष्मलहरी कशा झाल्या? शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक काढा. इंचाइंचावर खुणा करा आणि दुप्पट ताणा. शेजारची खूण एक इंच लांब जाते, चौथी चार इंच. कुठल्याही खुणेवरून पाहा, हेच दिसेल. मधली खूण अशी कुठलीच नाही. विश्वही असंच पसरतं, हे बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी 1927 मध्ये गणिताने मांडलं. 1929 मध्ये एडविन हबल यांनी दूरच्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, जास्त वेगाने दूर जातात हे निरीक्षणांतून दाखवलं. खुणा म्हणजे दीर्घिका, इलॅस्टिक म्हणजे अवकाश. खुणा सरकत नाहीत, इलॅस्टिक ताणतं. त्यावर काढलेली लाटही ताणते. हा प्रकाश वाटेत सुमारे 1,100 पट ताणला गेला.

‘मग विश्व पसरतं तरी कशात?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. पसरायला बाहेर जागा असावी लागत नाही. आतली अंतरं वाढतात, एवढंच.

आता त्रिकोण. त्या तापलेल्या वायूत ध्वनीच्या लाटा धावत होत्या. 3,80,000 वर्षांत लाट किती लांब जाईल, हे गणिताने काढता येतं. जुन्या प्रकाशात तेवढ्या मापाचे किंचित उष्ण, किंचित थंड डाग उरले. डागाची रुंदी हा त्रिकोणाचा पाया, आपण त्याच्या टोकाला. अवकाश मोसंबीसारखं वक्र असेल तर डाग अपेक्षेपेक्षा मोठे दिसणार, घोड्याच्या खोगिरासारखं असेल तर लहान.

डिसेंबर 1998 मध्ये अंटार्क्टिकावरून एक प्रचंड फुगा दुर्बीण घेऊन वर गेला. सुमारे दहा दिवस दक्षिण ध्रुवाभोवती फिरून तो सुटल्या जागेजवळ परतला, म्हणून प्रयोगाचं नाव बूमरँग. 2000 मध्ये निष्कर्ष आले. डाग सुमारे एक अंशाचे होते. हात लांब करून करंगळी धरा, तिच्या जाडीएवढे. सपाट अवकाशात हेच दिसायला हवं होतं. पुढे प्लँक उपग्रहाने ते आणखी काटेकोरपणे मोजलं. आपल्याला दिसणाऱ्या विश्वात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज, वहीतल्यासारखीच, 180 अंश भरते.

आता त्याच मोसंबीवर तिळाएवढा त्रिकोण काढून पाहा. त्याचीही बेरीज जवळजवळ 180 च येईल. आपला त्रिकोण एवढा अवाढव्य, तरी पूर्ण विश्वाच्या मानाने तो तिळाएवढा आहे की नाही, हे ठरवायला याहून मोठा त्रिकोण आपल्याकडे नाही.