आजीचं माहेर कुठलं? : बेने इस्रायली पूर्वजांचा शोध

नवगावची कथा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. अलिबागजवळच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, तेच बेने इस्रायलांचे, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजाचे, मूळ पूर्वज. मी ही कथा नाकारत नाही. पण घराण्याचा माग काढायला ती उपयोगाची नाही, कारण त्या चौदा जणांपासून तुमच्या खापरपणजोबांपर्यंत सलग कागद नाहीत. म्हणून शोध अलीकडच्या टोकापासून सुरू करायचा : १९४८ नंतर कोकण, मुंबई सोडून इस्रायलला गेलेल्या आजीपासून.

आडनावावरून गाव कळतं. केहिमकर किहीमचे, रोहेकर रोह्याचे, पेणकर पेणचे. पण आजीच्या कागदांवरचं आडनाव आजोबांचं. आणि खरी अडचण इथेच आहे. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बिनेटने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च मंडळाने, नियम काढला की बेने इस्रायली माणसाचं इतर ज्यूंमध्ये लग्न लावण्याआधी त्याच्या आईचं, आजीचं कूळ जमेल तितकं मागे जाऊन तपासावं. आता कोकणात सगळी ओळख बापाच्या आणि नवऱ्याच्या नावाने, आणि विचारणा मात्र आईच्या बाजूची! लोक संतापले ते बरोबरच होतं. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, तेव्हा सरकारला मध्ये पडावं लागलं आणि नियमातून बेने इस्रायलांचा उल्लेख गेला.

आजीची बाजू शोधायला सगळ्यात कामाचा कागद म्हणजे केतुबा, लग्नाचा करारनामा. तो बायकोच्या हक्काचा, त्यामुळे तिच्या सामानात टिकून राहिलेला असू शकतो. त्यात तिच्या वडिलांचं नाव असतं. ते मिळालं की सिनेगॉगचं, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचं, दप्तर पाहायचं. रेवदंड्याचं सिनेगॉग १८४२ चं, अलिबागचं १८४८ चं, ठाण्याचं १८७९ चं. दप्तर चाळताना एक पथ्य पाळा : एकाच माणसाची दोन्ही नावं शोधा. १७९६ मध्ये मुंबईचं पहिलं सिनेगॉग बांधणारे, कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी. इंग्रजी कागदांत एक नाव, घरात दुसरं, हे इतरांच्या बाबतीतही होणारच.

आता थडग्यावरचं साल. हिब्रू अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. समजा दगडावर ताव, रेश, नून, झायिन अशी अक्षरं आहेत. ताव ४००, रेश २००, नून ५०, झायिन ७ : झाले ६५७. वरचे पाच हजार बहुधा कोरत नाहीत. शकात आपण ७८ मिळवतो, तसे इथे १२४० मिळवा, म्हणजे १८९७ येतं. मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर एक वजा करा.

जनुकीय चाचणीबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेने इस्रायलांचे पूर्वज ज्यूही आणि भारतीयही असल्याचं दिसलं. हे समाजाबद्दल झालं. तुमच्या पणजीचं नाव काही त्यातून कळणार नाही.

त्यासाठी अश्दोद, दिमोना, लोद, जिथे कुठे तुमची मावशी किंवा आत्या असेल तिला फोन करा. आजीचं नाव विचारून थांबू नका. तिचं माहेरचं आडनाव विचारा, तिच्या आईचं माहेर विचारा, आणि पहिल्या बाळंतपणाला ती कुठे गेली होती तेही विचारा. आजोबांच्या गावी न सापडणारी थोरल्या मुलाच्या सुंतेची नोंद तिथे मिळू शकते.