उजव्या सीटवरचे सर

(पडद्यावर: जुहू विमानतळाचं कुंपण, पहाट. समुद्राकडे निघालेलं हेलिकॉप्टर. मागे इमारतींच्या रांगा.)

सरांचे हात कायम मांडीवर असायचे.

विमान उतरवताना माझे तळवे घामानं भिजलेले, धावपट्टी अंगावर येतेय, आणि शेजारच्या सीटवर सर कीर्तनाला बसल्यासारखे स्वस्थ. चाकं जोरात टेकली की विमान उसळी मारायचं. दात आपटायचे. सर म्हणायचे, "पुन्हा." एवढंच. आम्ही थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी दांडी, पुढे ढकलून परत समुद्रावर.

आषाढात सर गेले. पार्ल्याच्या त्यांच्या घरी माणसं मावत नव्हती. जिन्यात, फाटकाशी, रस्त्यावर छत्र्या. त्यांतले कितीतरी जण मोठी विमानं चालवणारे. काही सकाळी परदेशातून उतरून थेट तिथंच आले होते. ओळखी करून द्यायची गरजच पडली नाही. "तुझं सोलो कधी?", म्हणजे पहिलं एकट्याचं उड्डाण कधी, या एका प्रश्नावर सगळे बोलू लागले.

(पडद्यावर: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. जुहूचं मैदान, दुपंखी विमानं.)

सर जुहूला शिकवायचे याचा त्यांना मनापासून अभिमान होता. १९२८ साली सुरू झालेला हा विमानतळ. १९२९ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा मुंबईच्याच फ्लाइंग क्लबात शिकलेले. १५ ऑक्टोबर १९३२ ला तेच कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, इथं उतरले. त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच मार्ग पुन्हा उडून दाखवला. त्या दिवशी सर गर्दीत होते. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा, आणि आम्ही चहाचे ग्लास हातात धरून गप्प बसायचो.

पण खरं शिकवणं सुरू व्हायचं ते सकाळी, दव पडलेल्या विमानाशी. सेस्ना १५२. दोन सीटा, ११० अश्वशक्तीचं इंजिन. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल बाटलीत काढायचं आणि उजेडात धरून पाणी शिरलंय का ते बघायचं. एकदा मी विचारलं, "सर, मुंबईच्या उकाड्यात कार्ब्युरेटरमध्ये बर्फ कसा धरेल?" कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. पुस्तकात वाचलं होतं, पटत नव्हतं. त्यांनी बाटलीतले चार थेंब माझ्या मनगटावर सोडले. "आता फुंकर मार." हात गारठला. पेट्रोलची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं, त्यात हवेचा दाब उतरलेला, आणि आपली हवा दमट. बाहेर पंचवीस अंश असले तरी आत बर्फ धरू शकतो. उतरताना थ्रॉटल मागे घेण्याआधी गरम हवेची कळ ओढायला मी त्यानंतर कधीच विसरले नाही. आज माझे विद्यार्थीही मनगट पुढे करतात.

(पडद्यावर: आकाशातून मुंबई. रेल्वेचे रूळ, दोन्ही बाजूंना एकेक विमानतळ.)

सरांचा दुसरा धडा रुळांचा. पश्चिम रेल्वेच्या पश्चिमेला जुहू, पूर्वेला सांताक्रूझचा मोठा विमानतळ. दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेच्या, त्यामुळे होकायंत्र बघूनही चूक पटकन ध्यानात येत नाही. १९५३ मध्ये एक कॉमेट आणि १९७२ मध्ये जपानचं एक डीसी-८, दोन्ही मोठी प्रवासी जेट, सांताक्रूझ समजून या छोट्या धावपट्टीवर उतरलं होतं. डीसी-८ तर धावपट्टी संपून पुढे गेलं. सर त्या वैमानिकांना कधी नावं ठेवायचे नाहीत. म्हणायचे, "थकलेल्या माणसाला जे हवं असतं तेच दिसतं. तू फक्त सांग, रूळ ओलांडले का?" पुढे प्रवासी विमान घेऊन पूर्वेकडून मुंबईत उतरताना मी कित्येकदा मनातल्या मनात उत्तर दिलंय. ओलांडायचे नाहीत, सर.

हातांबद्दल मला बऱ्याच उशिरा कळलं. वर्सोव्याच्या बाजूला मासळीवर घारी घिरट्या घालतात. एके सकाळी एक घार थेट समोर आली. मी खाली दाबणार, तोच "आय हॅव कंट्रोल" ऐकू आलं आणि नाक वर गेलं. घार आमच्या पोटाखालून निघून गेली. "घाबरलेला पक्षी बहुधा खाली झेपावतो. आपण वर." मग "यू हॅव", आणि हात परत मांडीवर. मी स्वतः इन्स्ट्रक्टर झाले तेव्हा कळलं, त्या स्वस्थ बसण्यात पायाची बोटं रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, पेडलला टेकलेली असतात, कान इंजिनाकडे असतात, आणि समोरच्याला चूक करू द्यायला क्षणाक्षणाला स्वतःला आवरावं लागतं. फार दमायला होतं त्यात. सर दिवसातून पाच-सहा जणांसोबत तसे बसायचे.

माझ्या सोलोच्या दिवशी तीन सर्किट, म्हणजे उड्डाण करून विमानतळाभोवती फिरून परत उतरण्याच्या तीन फेऱ्या, झाल्यावर त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि उतरले. उतरण्याआधी रिकाम्या सीटचा पट्टा आवळून बांधला, कंट्रोलमध्ये अडकू नये म्हणून. दार लावलं. मागे वळून पाहिलंही नाही. त्यांचं वजन नसल्यानं विमान भसकन वर चढलं. समुद्रावर वळताना सवयीनं मी उजवीकडे बघून "बरोबर ना?" म्हटलं. तिथं नुसता पट्टा होता.

उतरल्यावर मित्रांनी बादलीभर पाणी ओतलं. सर म्हणाले, "ठीक आहे." यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडून कुणीच ऐकलेली नव्हती.

(पडद्यावर: टेबलावर लॉगबुकं. काकूंचे हात पान उलटतात.)

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. "बघ गं, तुझं पान कुठलं ते." सरांच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, त्या सकाळची तीन सर्किटं शाईनं लिहिलेली. चौथं अर्थातच नाही. त्या विमानात ते नव्हते, ते तास त्यांचे नव्हेत. पण शेऱ्याच्या रकान्यात बारीक पेन्सिलीनं काहीतरी होतं. काकूंनी चष्मा लावून वाचलं.

"एकटी गेली. उतरली सुरेख."

(पडद्यावर: पान तसंच. आवाज नाही.)